लग्नाची तारीख, विमानाची तारीख

अमेरिकेत नव्याने येणाऱ्या बायकोचा किंवा नवऱ्याचा आरोग्य विमा हा विषय मराठी घरांत बहुधा सगळ्यात शेवटी निघतो. व्हिसाचा शिक्का, तिकीट, बॅगांचं वजन, लोणच्याची बरणी कस्टमवाले काढून घेतील का, यात आधीचे महिने जातात. मग कुणाला तरी आठवण होते आणि उत्तर तयारच असतं: आई-बाबा आले होते तेव्हा काढला होता तसला व्हिजिटर इन्शुरन्स काढून टाकू. पण आई-बाबा सहा महिन्यांचे पाहुणे होते. ही राहायला येते आहे, आणि अमेरिकेचा कायदा या दोघांत फार मोठा फरक करतो. राहायला आलेल्या माणसाला विमा मिळतो, आल्याआल्या मिळतो, जुन्या दुखण्यासकट मिळतो. अडचण एवढीच की तो मिळण्याचे दिवस मोजलेले असतात, आणि मोजणी कोणत्या तारखेपासून सुरू होते हे बहुतेकांना मुदत उलटल्यावर कळतं. (बायको एच-१बीवर आणि नवरा तिच्यामागून एच-४वर, अशीही जोडपी आता पुष्कळ आहेत. इथे सोयीसाठी येणारी ती बायको धरली आहे. नियम दोघांना तेच.)

भारतात वैयक्तिक पॉलिसी घेतलेल्या माणसाला यातली पहिली गोष्ट पटत नाही. आपल्याकडे आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागतं. विमा नियामकाने २०२४ साली ही मुदत कमी केली, तरी ती तीन वर्षांपर्यंत असू शकते, आणि बाळंतपणासाठीची प्रतीक्षा वेगळी. अमेरिकेत २०१० साली ओबामांनी सही केलेल्या कायद्याने, लोक ज्याला ओबामाकेअर म्हणतात त्याने, २०१४ पासून हे बंद केलं. थायरॉइड आहे, साखर आहे, पीसीओडी आहे म्हणून विमा नाकारता येत नाही की त्यासाठी जास्त हप्ता लावता येत नाही. तारखांचा काच आहे तो याच उदारपणापोटी. कोणालाही कोणत्याही आजारासकट विमा द्यायचा म्हटलं की लोक आजारी पडल्यावरच विमा घ्यायला येणार. म्हणून वर्षातून एकदा ओपन एनरोलमेंट, आणि मध्ये कधी हवा असेल तर आयुष्यात काहीतरी मोठं घडलेलं असलं पाहिजे: लग्न, मूल, नोकरी जाणं, देश बदलणं.

दुसरी गोष्ट पटायला आणखी जड जाते. तिचा विमा तिच्या तब्येतीशी किंवा पैशाशी जोडलेला नसून नवऱ्याच्या मालकाशी जोडलेला आहे. हे असं का, तर दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ साली महागाई आवरायला पगारांवर बंधनं आली. पगार वाढवता येईना तेव्हा माणसं टिकवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या. पुढे १९५४च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वगळला आणि युद्धकाळातली ती सोय कायमची झाली. तिचे फायदे-तोटे अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ दशकानुदशकं मोजत बसले आहेत. आपल्यापुरतं महत्त्वाचं हे, की २०१०च्या कायद्याने पन्नास किंवा जास्त पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकांवर विमा देऊ करण्याची सक्ती केली ती कर्मचाऱ्यासाठी आणि त्याच्या सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. जोडीदार त्या सक्तीत नाही. मोठ्या कंपन्या जोडीदाराला सामावून घेतात, पण तो रिवाज आहे.

रिवाजाला किंमतही असते. केएफएफ ही संस्था दरवर्षी कंपन्यांच्या विम्याची पाहणी करते. तिच्या २०२५च्या आकड्यांनुसार कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर आणि त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा ६,८५० डॉलर होता. ही सरासरी फसवी आहे, कारण छोट्या कंपन्यांत कुटुंबासाठीचा कर्मचाऱ्याचा वाटा याहून बराच चढा असतो. एच-१बीवर माणसं आणणाऱ्या काही छोट्या कन्सल्टन्सी कर्मचाऱ्याचा हप्ता स्वतः भरतात आणि बायकोचा सगळा भार त्याच्या पगारावर टाकतात. ऑफर लेटर आलं की पगाराचा आकडा साऱ्या भावकीत फिरतो. बायकोचं नाव घातल्यावर दरमहा किती कापले जातील, हे विचारणारा विरळा.

आता तारखा, कारण खरा घोळ तिथेच होतो. १९९६च्या हिपा कायद्यानुसार लग्न झालं की कर्मचाऱ्याला कंपनीच्या योजनेत जोडीदाराचं नाव घालायला किमान तीस दिवस मिळतात. अर्ज वेळेत गेला तर उशिरात उशिरा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला विमा सुरू व्हावा लागतो. अमेरिकेतल्याच दोघांनी लग्न केलं तर यात काही अडत नाही. आपल्याकडचं वेळापत्रक वेगळं असतं. लग्न डिसेंबरात पुण्यात, नवरा दोन आठवड्यांत परत, तिची व्हिसाची मुलाखत मार्चमध्ये, विमान मे महिन्यात. तीस दिवस जानेवारीतच सरलेले असतात. त्याहून अवघड प्रकार म्हणजे व्हिसाच्या कागदांसाठी आधी उरकलेलं रजिस्टर लग्न. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन तीस दिवस थांबायचं, सही करायची, आणि मग सवडीने, हॉल मिळेल तेव्हा, विधिवत लग्न लावायचं. घरच्यांच्या लेखी लग्न लागलं ते अक्षता पडल्या त्या दिवशी. एचआरच्या लेखी ते दाखल्यावरच्या तारखेला लागलं, आणि मुदत तिथूनच धावू लागली.

मग ती मे महिन्यात उतरली, या घटनेला काही मोल नाही का? हिपाच्या यादीत परदेशातून जोडीदार येणं ही स्वतंत्र घटना नाही. पुष्कळ कंपन्या आपल्या नियमांत ती मान्य करतात आणि उतरल्याच्या तारखेपासून तीस किंवा एकतीस दिवस देतात. काही मान्य करत नाहीत आणि पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे विमा प्रत्यक्षात जानेवारीपर्यंत, थांबायला सांगतात. एचआरमधली व्यक्ती अशा वेळी आडमुठी वाटते, पण ती बहुधा करसंहितेचं कलम १२५ सांभाळत असते: करपूर्व पगारातून कापला जाणारा हप्ता ठरावीक कारणांखेरीज वर्षाच्या मध्ये बदलता येत नाही. फोनवर कुणी ‘चालेल, नंतर बघू’ म्हटलं तर त्यावर विसंबू नये. १९७४च्या एरिसा कायद्याने कर्मचाऱ्याला योजनेचा सारांश-दस्त, समरी प्लॅन डिस्क्रिप्शन, मागण्याचा हक्क दिला आहे. तो मागावा, त्यातलं जोडीदाराचं पान वाचावं आणि शंका ईमेलने विचारावी. हे सगळं लग्नाआधी.

माझं मत विचाराल तर, व्हिसा दोन-तीन महिन्यांत मिळेल अशी स्थिती असेल तेव्हा ती भारतात असतानाच, लग्नाच्या तीस दिवसांत नाव घालून टाकावं. बहुतेक योजनांत हे चालतं. दोन-तीन हप्ते वाया जातात, कारण या योजना भारतातल्या रोजच्या उपचारांचा खर्च सहसा देत नाहीत. पण ती उतरते तेव्हा विमा चालू असतो आणि कुणाची मनधरणी करावी लागत नाही. आगमनाला वर्ष लागणार असेल तर मात्र हे परवडत नाही. तेव्हा ओपन एनरोलमेंट साधावी, किंवा कंपनीच्या नियमांत आगमनाची घटना बसते का ते लेखी घ्यावं.

कागदांच्या दोन अडचणी मुदत खातात. एच-४वर कामाची परवानगी नसली तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही आणि फॉर्मवर तर तो रकाना असतो. नंबर नाही म्हणून नाव घालता येत नाही, ही समजूत खोटी आहे. जन्मतारखेवर काम भागतं. दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं, आणि हौसेने भरलेल्या विम्याच्या फॉर्मवर सासरचं, असं झालं की दवाखान्यातली नोंद आणि विमा कंपनीची नोंद जुळत नाही आणि बिलं परत येऊ लागतात. सगळीकडे पासपोर्टवरचं नाव चालवावं. बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट बदलावा.

कंपनीचं दार बंद झालं तर दुसरं दार सरकारी मार्केटप्लेसचं, आणि त्याची माहिती एच-१बीवाल्या घरांत आश्चर्य वाटावं इतकी कमी आहे. तो विमा फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतो असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात एच, एल, एफ अशा कायदेशीर व्हिसांवर राहायला आलेली माणसंही मार्केटप्लेसमधून विमा घेऊ शकतात. मुदत इथे साठ दिवसांची, लग्नापासून किंवा परदेशातून येऊन राहू लागल्यापासून. उतरल्याच्या तारखेवर अर्ज करताना आधी कुठला विमा होता की नव्हता याची अट नसते. टेक्सासमध्ये हे काम केंद्राच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या संकेतस्थळावर होतं. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांची स्वतःची संकेतस्थळं आहेत. विमा सुरू होतो प्लॅन निवडल्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेला. तीन मेला उतरून दहाला प्लॅन निवडला तर एक जूनला. मधल्या चार आठवड्यांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स घ्यावा, आणि जोडीदाराच्या बाबतीत त्याचा खरा उपयोग एवढाच.

मार्केटप्लेसमधला हप्ता कमी करणारी करसवलत हे वेगळं प्रकरण आहे आणि सध्या ते हलतं आहे. नवऱ्याच्या कंपनीने कुटुंबाला विमा देऊ केला असेल तर सवलत सहसा मिळत नाही. पूर्वी याचा हिशेब अन्यायकारक होता. कर्मचाऱ्याचा एकट्याचा हप्ता परवडणारा असला की बायकोचा हप्ता कितीही असो, तोही परवडणारा धरला जाई. २०२३ पासून कुटुंबाचा हप्ता वेगळा पाहिला जातो, त्यामुळे कन्सल्टन्सीवाल्या घरांना एक वाट मिळाली होती. ती आता अरुंद होते आहे. २०२१ साली आलेली वाढीव सवलत २०२५ अखेर संपली. त्यातच ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२७ पासून सवलतीच्या यादीतून व्हिसावरच्या माणसांना काढलं. ग्रीन कार्डवाले आणि इतर एक-दोन गट तेवढे राहिले. म्हणजे सिटिझनशी लग्न करून ग्रीन कार्डवर उतरलेल्या मुलीला सवलत मागता येईल, पती-पत्नींनी कर एकत्र भरला तर. तिच्या शेजारी राहणाऱ्या एच-४वरच्या मुलीला विमा मिळेल, पण पूर्ण किमतीत.

व्हिजिटर इन्शुरन्सबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्याचा हप्ता स्वस्त दिसतो आणि माणूस तिथेच फसतो. त्यातल्या फिक्स्ड प्रकारात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, बिल कितीही असो. कॉम्प्रिहेन्सिव्ह प्रकार बरा, पण जुनी दुखणी, नेहमीच्या तपासण्या आणि बाळंतपण त्यातही सहसा नसतं. अपघात झाला, हात मोडला, अपेंडिक्स सुजलं तर तो उपयोगी. वर्षभर संसार करायला आलेल्या तिशीच्या बाईला लागणाऱ्या गोष्टी नेमक्या वगळलेल्या असतात. विमा नसलेल्या माणसावरही इमर्जन्सी रूमने तातडीचे उपचार केलेच पाहिजेत, असा १९८६ पासून कायदा आहे. बिल मात्र येतंच. शिवाय हा विमा कायद्याच्या व्याख्येतला पुरेसा विमा धरला जात नाही. केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य झाला असला तरी कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसी इथे पुरेसा विमा नसल्याबद्दल स्वतंत्र दंड आहे. मराठी माणसं जिथे दाटीने राहतात त्यातली दोन राज्यं या यादीत आहेत.

यातला एक विरोधाभास आठवण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फर्मान काढलं: कायम राहायला येणाऱ्याने आल्यापासून तीस दिवसांत विमा घेईन किंवा खर्च झेपेल असं दाखवावं, नाहीतर व्हिसा नाही. त्यासाठी चालणाऱ्या विम्यांत ३६४ दिवसांचा व्हिजिटर इन्शुरन्स होता, पण सवलतीचा मार्केटप्लेस विमा नव्हता. जो विमा कमी देतो तो चालणार, आणि जो सगळं देतो तो सरकारी पैशाचा म्हणून चालणार नाही. ऑरेगनच्या संघीय न्यायालयाने ते अंमलात येण्याच्या आदल्या दिवशी थांबवलं आणि मे २०२१ मध्ये बायडेन यांनी ते मागे घेतलं. त्या काळात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मनात भीती राहिली ती राहिलीच. सवलत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल का, हा प्रश्न अजून विचारला जातो. सरकारवर बोजा होईल का हे ठरवणाऱ्या नियमांत मार्केटप्लेसची करसवलत आजवर कधी धरलेली नाही, २०१९च्या कडक नियमातही नाही.

विद्यार्थ्यांच्या आणि संशोधकांच्या घरी गणित निराळं. जे-१वर आलेल्या संशोधकाच्या जोडीदाराला विमा ऐच्छिक नाही. तो नियमानेच सक्तीचा आहे, दर आजाराला किमान एक लाख डॉलर, मायदेशी हलवण्यासाठी पन्नास हजार, आणि डिडक्टिबल पाचशेच्या वर नाही, अशा अटींसह. विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या एफ-२ व्हिसावर अशी सक्ती नाही, म्हणून तिथे विमाच नसलेली जोडपी भेटतात. काही विद्यापीठं जोडीदाराला आपल्या योजनेत घेतात, पण हप्ता शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. अशा घरांनी मार्केटप्लेस पाहावं आणि मूल होणार असेल तर राज्याचं मेडिकेडही. ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेडसाठी १९९६च्या कायद्याने सहसा पाच वर्षं थांबावं लागतं. पण २००९ पासून राज्यांना मुभा आहे की कायदेशीर राहणाऱ्या गरोदर स्त्रियांना ही अट लावू नये, आणि बऱ्याच राज्यांनी ती घेतली आहे.

बाळंतपणाच्या विम्याबाबत नवऱ्याच्या कंपनीच्या योजनेवर आज निर्धास्त राहता येतं, त्यामागे एक जहाजबांधणी कंपनी आहे. गरोदर स्त्री कर्मचाऱ्यांशी भेदभाव नको असा कायदा १९७८ साली झाला. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शिपबिल्डिंगने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना पूर्ण लाभ दिले, पुरुष कर्मचाऱ्यांच्या बायकांना मात्र तोकडे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८३ साली न्यायालयाने सांगितलं की हा पुरुष कर्मचाऱ्यांवर अन्याय आहे, कारण त्यांच्या जोडीदाराला स्त्री कर्मचाऱ्याच्या जोडीदारापेक्षा कमी मिळतं. बायकोच्या बाळंतपणाचा खर्च मिळतो तो नवऱ्याच्या समानतेच्या हक्कातून. बाळ झालं की पुन्हा तीस दिवस सुरू होतात. त्यात नाव घातलं तर विमा जन्मापासून लागू होतो.

कार्ड हातात आल्यावरची भाषा, कोपे, डिडक्टिबल, नेटवर्क, महिनाभरात सगळे शिकतात. ज्या दोन गोष्टी मागे पडतात त्या अशा. वर्षातली एक तपासणी, स्त्रियांच्या ठरावीक चाचण्या आणि गर्भनिरोधकं नेटवर्कमध्ये बहुतेक योजनांत एकही पैसा न देता मिळतात, आणि त्या न वापरणाऱ्या मुली पुष्कळ. दुसरी गोष्ट मनाच्या डॉक्टरची. नोकरी सोडून आलेली, काम करायची परवानगी नसलेली, थंडीत घरात बसलेली मुलगी खचते हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर मंडळाच्या हळदीकुंकवाचा उपाय सुचवला जातो. योजनेत मानसोपचार असले तर ते शरीराच्या आजाराहून जाचक अटींवर ठेवता येत नाहीत, असा २००८चा कायदा सांगतो.

नवऱ्याची नोकरी गेली की विमा जातो. एच-१बीवाल्याला देशात राहण्यासाठी साठ दिवसांपर्यंतची सवलत मिळते, आणि कोब्रा कायद्याखाली जुनाच विमा चालू ठेवायचा का हे ठरवायलाही साठ दिवस. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत तो अठरा महिने चालतो, पण हप्ता पूर्ण आणि वर दोन टक्के खर्चाचे. आधी फक्त आपला वाटा कापला जात होता, त्यामुळे खरा आकडा पाहून घाम फुटतो. कोब्रा निवडला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणून धीराची माणसं काही आठवडे थांबून पाहतात. मार्केटप्लेसलाही विमा गेल्यापासून साठ दिवस आहेतच.

मोडलेल्या संसारात हे सगळं वेगळं दिसतं. उपचारांचा तपशील सांगणारं पत्रक, एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स, पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या पत्त्यावर जातं. ती कोणत्या डॉक्टरकडे गेली, कधी गेली, हे नवऱ्याला घरबसल्या कळतं. त्यामुळे जिवाला धोका असेल तर पत्रक दुसऱ्या पत्त्यावर पाठवा अशी विनंती तिला विमा कंपनीकडे करता येते आणि कंपनीला ती मानावी लागते. घटस्फोट झाला तर कोब्राखाली तिला स्वतःच्या नावाने छत्तीस महिन्यांपर्यंत विमा ठेवता येतो. मात्र साठ दिवसांत योजनेला कळवायची जबाबदारी तिची, आणि एच-४ तर घटस्फोटाबरोबरच संपलेला असतो. छळ सोसणाऱ्या किंवा टाकून दिलेल्या जोडीदाराला मार्केटप्लेसमध्ये ओपन एनरोलमेंटची वाट न पाहता वेगळा विमा घेता येतो, आणि सवलतीसाठी नवऱ्याबरोबर एकत्र कर भरण्याची अट तिला लागू नसते. २०२७ पासून त्या सवलतीचा उपयोग ग्रीन कार्ड असलेल्या बाईलाच होईल.